जर्नलसाहेबांचं पुस्तक

मेजर जनरल केशवराव पिंपळदरीकर आमच्या शाळेत पहिल्यांदा आले, ते चौथीचं मराठीचं पुस्तक मागायला. त्र्याहत्तरचा हिवाळा असावा. मी तेव्हा शिरड शहापूरच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. वय बत्तीस, पदरात दोन लेकरं, नवरा सिद्धेश्वरच्या कालव्यावर पाटबंधारे खात्यात नोकरीला.

फौजेतला एवढा मोठा अधिकारी गावात राहायला आलाय हे आम्हाला आठवड्याभरापासून माहीत होतं. कालव्याच्या कडेला त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. बायको वारली, पुण्यात करमेना, म्हणून वडिलांच्या मुलखात आले, असं लोक सांगत. जनरल हा शब्द कोणाच्या तोंडी बसला नाही. सगळा गाव त्यांना जर्नलसाब म्हणायचा.

हेडमास्तर खुर्ची पुसायला धावले. जर्नलसाहेब उभेच राहिले. उंच, काटक, दाढी गुळगुळीत. म्हणाले, "मला मराठी लिवता येत न्हाई. चौथीचं पुस्तक पाहिजे."

हेडमास्तर हसले, थट्टा समजून. ती थट्टा नव्हती. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात महसूल खात्यात होते. मुलगा नऊ वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला हैदराबादला शिकायला ठेवलं. तिथं उर्दू आणि इंग्रजी, पुढं डेहराडूनची अकादमी, मग तीस-बत्तीस वर्षं फौज. घरात बायको दिल्लीकडची, तिच्याशी हिंदी. त्यांची मराठी नवव्या वर्षी जिथं थांबली तिथंच राहिली होती. तीन भाषांमध्ये हुकूम देणारा हा माणूस मराठीत मात्र औंढ्याकडच्या नऊ वर्षांच्या पोरासारखा बोलायचा. तहसीलदार भेटायला आले तेव्हा त्यांनाही ते म्हणाले होते, "बसा, मला भूक लागून राहिली, आधी जेवतो."

त्या दिवशी ते माझ्या वर्गात येऊन मागच्या भिंतीला टेकून बसले. मी वाचायला सांगितल्यावर एक उतारा वाचला. अडखळत वाचला, एका शब्दाचं लिंग चुकवलं, पोरं खदखदली. मी इतर कोणाला सांगितलं असतं तसंच सांगितलं, "ती वाट. तो वाट नाही. पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं.

चार दिवसांनी निरोप आला. त्यांना स्वतःच्या नोकरीवर पुस्तक लिहायचं होतं, तेही मराठीत. ते सांगतील, मी लिहून घ्यायचं. शाळा सुटल्यावर एक तास, रविवारी दोन.

"इंग्रजीत का नाही लिहीत?" मी विचारलं.

"इंग्रजीत फौजेतले लोक वाचतील. त्यांना सगळं माहीत हाय. इथल्यांनी वाचावं."

पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली. त्यांचा स्वयंपाकी गणपत चहा घेऊन आला. साहेबांना कपबशी आणि मला दांडी तुटलेला वेगळा कप. आम्ही बौद्ध. त्या कपाचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी चहा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर घरातले सगळे कप बदललेले, चारही एकसारखे. साहेब काही बोलले नाहीत. मीही आठवडाभर काही बोलले नाही. मग एके दिवशी राहवलं नाही.

"साहेब, कप बदलून भागत नाही."

"मग काय करू?"

"त्याला विचारा, काहून वेगळा दिला होता."

त्यांनी तिथल्या तिथं गणपतला बोलावून, माझ्यासमोर, साध्या आवाजात विचारलं, "काहून?" गणपतनं खाली पाहिलं आणि संध्याकाळी काम सोडून गेला. आठ दिवस साहेबांनी स्वतः भाकरी थापल्या, त्या नकाशासारख्या वेड्यावाकड्या व्हायच्या. नवव्या दिवशी गणपत परत आला. आला तो मला म्हणाला, "बाई, चहा ठेवू का?" तेव्हापासून साहेब माझ्याशी बोलताना शब्द राखून बोलत नसत, आणि मीही.

त्यांच्या काही सवयी मला अजून आठवतात. घरात जो कोणी काम करत असेल, कुंपणाला काटे लावणारा असो की विहिरीवरचा, तो जेवला का हे विचारल्याशिवाय ते ताटावर बसत नसत. कोणाला काम सांगितलं की त्याच्याकडून ते पुन्हा म्हणवून घ्यायचे. "मी काय सांगितलं? तुमी सांगा." माणसानं बरोबर सांगितलं की मान हलवून म्हणायचे, "बराबर." चुकीचं सांगितलं तर रागवायचे नाहीत. "म्हंजे मी नीट सांगितलं न्हाई," असं म्हणून पहिल्यापासून सांगायचे.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन त्यांच्या हस्ते होतं. सरपंच, तलाठी, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. साहेबांनी दोरी ओढली आणि झेंडा उघडेना. गाठ आवळली गेली होती. शिपायाचा चेहरा पांढरा पडला, हेडमास्तर दोरीकडं धावले. साहेबांनी झेंडा शांतपणे खाली उतरवला, मांडी घालून जमिनीवर बसले आणि पोरांना जवळ बोलावलं. "गाठ मारताना घाई झाली की असं होतं. पाहा, अशी मारायची." अर्धा तास त्यांनी चौथी ते सातवीच्या पोरांना ती गाठ शिकवली. मग झेंडा वर गेला. पुढाऱ्यांची भाषणं त्यामुळं राहूनच गेली. याचं कोणाला वाईट वाटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पुस्तक हळूहळू चाललं होतं. ब्रह्मदेशातलं जंगल, काश्मीरमधली थंडी, पायाची बोटं गोठलेला एक हवालदार. मी शाळामास्तरीण, मला वहीत नीटनेटकं लागायचं. ते सांगायचे, "दुश्मन लई जवळ आला अन् आमाला भ्या वाटलं." मी लिहायची, "शत्रू समीप आला व आम्हांस भय वाटले." वाचून दाखवलं की ते नाही म्हणून मान हलवत.

"बाई, भय न्हाई. भ्या. भय पुस्तकात वाटतं."

आमचा बराच वाद झाला. शेवटी मी हार मानली आणि ते बोलतील तसं लिहायला लागले. खरं सांगायचं तर त्यानंतरच ते पुस्तक वाचावंसं झालं.

सव्वा वर्षात जवळजवळ सगळं लिहून झालं. नांदेडच्या एका छापखान्याशी बोलणंही झालं. फक्त एक प्रकरण राहिलं होतं, चीनच्या लढाईचं. तेव्हा ते ब्रिगेडियर होते. त्याचा विषय काढला की ते म्हणत, "ते मागून." मग दुसरंच काही सांगत.

एका रविवारी ते म्हणाले, "आज ते लिवा."

त्याआधी सकरीबाईबद्दल सांगायला हवं. गावापासून दीड कोसावर बंजाऱ्यांचा तांडा आहे. सकरीबाई तिथली. साहेब फौजेत मधल्या हुद्द्यावर असताना वडिलांच्या तेराव्याला गावी आले होते. तेव्हा पूर्णेच्या गाळात एक बैल रुतला होता आणि बुजून कोणाला जवळ येऊ देत नव्हता. तांड्यातला हरी नावाचा तरुण त्याच्याशी बोलत बोलत गाळात उतरला आणि त्यानं त्याला बाहेर काढलं. साहेबांनी ते पाहिलं. म्हणाले, "चल फौजेत. आमच्याकडं खेचरं हायेत, त्यांना असाच माणूस पाहिजे." हरी गेला. खेचरांच्या तुकडीत लागला. सुटीवर येऊन लग्न करून गेला. पुढं त्याला एक मुलगी झाली, कमळी. ती रांगत असताना चीनची लढाई झाली आणि घरी कागद आला. त्यात हरी बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं.

बेपत्ता म्हणजे काय, हे तांड्यात कोणी नीट सांगू शकलं नाही. सकरीबाईनं दंडापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या उतरवल्या नाहीत. नवरा गेला की त्या उतरवायच्या असतात. कमळी पुढं माझ्याच शाळेत आली. त्या साली ती सातवीत होती, तांड्यातली सातवीपर्यंत पोचलेली एकटी मुलगी.

साहेब गावात आले त्याच आठवड्यात सकरीबाई त्यांच्या दारात आली होती, हे मला गणपतनं सांगितलं. तिनं विचारलं, "साब, माझा माणूस कुठं हाय?" साहेब म्हणाले, "कागदात बेपत्ता लिवलंय." ती निघून गेली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

त्या रविवारी साहेबांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं. एकही शब्द सुधारला नाही.

"पूल लाकडी होता. अलीकडं माझी सगळी ब्रिगेड, मागं सरकून राहिलेली. वरून हुकूम होता, अंधार पडायच्या आत पूल उडवा. पलीकडं आमचे जखमी होते. हरी म्हणला, साब, मी खेचरं घेऊन जातो, त्यांना आणतो. मी म्हणलो, जा. तो अन् दहा जण गेले. टाइम झाला. आले न्हाईत. मी वीस मिनिटं थांबलो. मग दुर्बिणीत दिसले. वळणावर होते. खेचरांच्या पाठीवर माणसं बांधलेली. त्यांच्या मागं दुश्मन. पुलावर यायला त्यांना अजून दहा मिनिटं लागली असती. त्यांच्यासंगं दुश्मन पण आला असता. मला भ्या वाटलं. मी पूल उडवला."

मी लिहायचं थांबवलं. ते थांबले नाहीत.

"मेलेले मी पाहिले न्हाईत, म्हणून कागदावर बेपत्ता लिवलं. दुसऱ्या साली कैदेतून सुटून आमचा एक माणूस आला. त्यानं सांगितलं, अकराच्या अकरा तिथंच पडले, ओढ्याच्या काठी पुरले. मग मी कागद दुरुस्त कराया पाहिजे होता. केला न्हाई. दुरुस्त केला असता तर काहून मेले ते लिवावं लागलं असतं."

बाहेर गणपत विहिरीवर पाणी ओढत होता. मी वही मिटली.

"साहेब, पूल उडवला ते बरोबर की चूक हे मला कळत नाही," मी म्हटलं. "पण कागदाचं चूक झालं. आणि हे छापायच्या आधी सकरीबाईला तुम्ही सांगितलं पाहिजे. तिनं हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकता कामा नये."

ते उठून दारापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "तुमी संगं या. मी अर्धवट सांगितलं तर मला टोका."

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही तांड्यावर गेलो. सकरीबाई दारात शेंगा फोडत बसली होती. कमळी घरात नव्हती. साहेब खाटेवर बसले नाहीत, तिच्या समोर जमिनीवर बसले. लढाईचं जसं मला सांगितलं होतं तसंच सांगितलं, काही गाळलं नाही. मला टोकावं लागलं नाही.

तिचे हात शेंगांवर तसेच राहिले. रडेल, शिव्या देईल, असं मला वाटत होतं. तिनं पहिलं विचारलं ते, "खेचरं आली व्हती का परत?"

"न्हाई."

"मग तो कसा येईल. जनावर टाकून आला नसता तो."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "वीस मिनिटं म्हणजे किती व्हतं?"

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. "इथून कालव्यावर जायाचं, घागर भरायची, अन् परत यायाचं. तेवढं."

तिनं कालव्याकडं पाहिलं. रोजची वाट तिची. मनात ती जाऊन आली असावी. म्हणाली, "म्हणजे थांबला व्हता तुमी."

साहेबांनी तिच्या समोरची एक शेंग उचलली आणि फोडली.

मग त्यांनी पुस्तकाचं सांगितलं. यात हे सगळं येईल, हरीचं नाव येईल, लोक वाचतील, त्याचा मान होईल. आणि सरकारी कागदही ते आता दुरुस्त करून घेतील.

"न्हाई," सकरीबाई म्हणाली.

"काहून?"

"साब, मला दहा वर्षांपासून माहीत हाय तो येत न्हाई म्हणून. दोन पाय असलेला माणूस एवढी वर्षं बाहेर राहत न्हाई." तिनं दंडावरच्या बांगड्या पुढं केल्या. "ह्या त्याच्यासाठी न्हाई ठेवल्या. तो गेला असं झालं की मी दिराच्या घरात जायाचं, अशी आमच्या घरात रीत हाय. दीर वाईट न्हाई. पण मग मी त्याची, जमीन त्याची, पोरगी त्याची. कमळीला उद्या शाळेतून काढून उजवून टाकतील. आत्ता कोणी काही म्हणलं की मी म्हणते, तिचा बाप येऊ द्या, त्याला इचारू. अन् सगळे गप बसतात."

मी रोज कमळीला वर्गात पाहत होते. हिच्या वयाच्या दुसऱ्या पोरी नांदायला गेल्या, हीच कशी शिकतेय, याचा मला अभिमान वाटायचा आणि त्यातलं थोडं श्रेय मी स्वतःकडं घेत होते.

"तुमच्या पुस्तकात तो मेला, तर इथं माझं काही राहत न्हाई," सकरीबाई म्हणाली.

"मग मी काय करू?" साहेबांनी विचारलं. हा प्रश्न विचारताना ते कोणत्याही हुद्द्याचे वाटत नव्हते.

"काही करू नका. गप बसाया येतं का तुमाला?"

"शिकतो," ते म्हणाले.

आम्ही परत निघालो. कालव्यावर मी म्हटलं, "ते एक प्रकरण काढून बाकीचं छापता येईल."

"मग ते पुस्तक खोटं."

"लोक विचारतील."

"इचारू द्या."

आणि लोकांनी विचारलं. सरपंचानं विचारलं, नांदेडच्या छापखानेवाल्यानं दोनदा माणूस पाठवला, दिल्लीहून त्यांच्या मुलाचं पत्र आलं. साहेब प्रत्येकाला एकच सांगायचे, "माझी मराठी अजून कच्ची हाय." गावात लोक हसायचे. म्हातारा विसराळू झाला, त्याच्यानं पुस्तक होत नाही, असं बोलायचे. हे त्यांच्या कानावर जायचं. मनातलं सगळं सांगून मोकळं व्हावं म्हणून हा माणूस पुणं सोडून या गावात आला होता, हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. गप बसणं त्यांना सोपं गेलं नाही. पुढच्या दोन वर्षांत त्यांची पाठ वाकली. एकदा मला म्हणाले, "बाई, फौजेत आमी जखम बांधून पुढं जायाचो. ही उघडी ठेवून बसायची हाय." इतकंच. त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

कमळी सातवी पास झाली. पुढच्या शाळेसाठी वसमतला राहायचं ठरलं, तेव्हा दिरानं आडकाठी केली. सकरीबाईनं नेहमीचं उत्तर दिलं, तिचा बाप आला की त्याला विचारू. कमळी गेली. शाळा करून नर्सिंगला लागली. पुढं तिनं स्वतः पसंत केलेल्या मुलाशी लग्न केलं. आज तिची मुलं मोठी आहेत.

साहेब एकोणऐंशीच्या थंडीत वारले, घरीच, सकाळी दाढी करताना. मुलगा येऊन पदकं घेऊन गेला. वह्या त्यांनी आधीच माझ्याकडं दिल्या होत्या. सकरीबाई त्यांच्यानंतर बरीच वर्षं जगली. ती गेल्यावर मी कमळीला विचारलं, हे लिहू का? तिला सगळं माहीत होतं, आईनंच सांगितलेलं. ती म्हणाली, "लिवा बाई. आता कोणाला भ्यायाचं." म्हणून हे लिहिलं. नावं तेवढी बदललीत.

मी साहेबांना शेवटचं पाहिलं ते अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीत. त्याच महिन्यात माझी कळमनुरीकडं बदली झाली होती, निघायला चार दिवस होते. आमच्या शाळेतच मतदान होतं आणि माझ्याकडं बोटाला शाई लावायचं काम होतं. बाहेर लांब रांग लागली होती. पोलिसानं साहेबांना ओळखून पुढं आणायचा प्रयत्न केला, ते हलले नाहीत. कोणी खुर्ची आणली, तिच्यावर त्यांनी एका बाळंतिणीला बसवलं. तासाभरानं ते माझ्या टेबलासमोर आले. नियमाप्रमाणं शेजारच्या कारकुनानं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, "केशव रामराव." हुद्दा सांगितला नाही. मी शाई लावली. शाई वाळेपर्यंत मी बोट धरून ठेवलं.

मत देऊन ते बाहेर पडले. खिडकीतून मला लिंबाचं झाड दिसत होतं. त्याच्या पारावर तांड्यातल्या बायका आपल्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या, त्यांत सकरीबाई होती. साहेब काठी टेकत तिथून जात होते. पाय दुखत असणार, पण ते कुठं थांबायचे नाहीत. सकरीबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. उठली नाही, पदर घेतला नाही. थोडी बाजूला सरकली आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर हातानं पाला झाडला.

"बसा साब," ती म्हणाली.

ते बसले. माझ्यासमोर पुढचा मतदार येऊन उभा होता. मी त्याचं बोट हातात घेतलं.